मंद कीं निकामी ?
(जुन्या संगणकाविषयीं एका शिक्षकाचें मत)



निकाल लागून नवें वर्ष सुरू होण्याच्या सुमारास शिक्षकाच्या घरीं पालकांची ये-जा वाढते. मुलास कोणती शाखा द्यावी, कोणती पुस्तकें घ्यावीं, हे प्रश्न जुनेच आहेत. त्यांत अलीकडे आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. "सर, घरचा संगणक फार मंद चालतो, नवा घ्यावा काय?" या प्रश्नास मी कित्येक वर्षें एकच ठराविक उत्तर देत आलों. "घ्या, यंत्र जुनें झालें कीं तें असेंच चालावयाचें." हें उत्तर मी किती अविचारानें देत होतों, हें गेल्या वर्षीं मला कळून चुकलें. तें कसें कळलें, त्यापासून मी काय शिकलों आणि त्यावरून माझें कोणतें मत बनलें, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

आमच्या नववीच्या वर्गांत एक मुलगा होता. त्याचे वडील एका छापखान्यांत बांधणीच्या कामावर आहेत. छापखान्याच्या मालकांनीं जुने संगणक काढून नवे घेतले, तेव्हां जुन्यांपैकीं एक त्यांनीं या इमानी कामगारास मुलाच्या अभ्यासाकरितां देऊन टाकला. तो २०१३ सालचा आयमॅक होता. म्हणजे पडदा आणि यंत्र हीं दोन्ही एकाच पातळ पेटींत बसविलेला, साडेएकवीस इंची पडद्याचा संगणक. मुलास मोठा आनंद झाला. परंतु पुढें त्याच्या प्रकल्पांचे कागद वेळेवर येईनासे झाले. विचारलें असतां, "सर, संगणक लवकर उघडतच नाहीं," असें तो सांगे. मुलांच्या सबबी ऐकण्याची शिक्षकाच्या कानांस संवय असते. ही त्यांतलीच एक असें समजून मीं त्याच्या वहींत "आळस सोडावा" असा शेरा लिहिला. आणि पालकसभेंत त्याच्या वडिलांस सांगितलें कीं, यंत्र खरोखरच इतकें मंद असेल तर तें टाकून नवें घ्यावें.

शिक्षकाचा शब्द त्या घरांत किती जड होता, हें मला ठाऊक नव्हतें. आठ दिवसांनीं ते गृहस्थ पतपेढीच्या कर्जाचा अर्ज घेऊन मजकडे आले व मी जामीनदार म्हणून सही करीन काय, असें त्यांनीं संकोचानें विचारलें. रक्कम चाळीस हजार रुपये होती. बोलतां बोलतां असें कळलें कीं, मुलाच्या थोरल्या बहिणीस परिचारिकेच्या शिक्षणक्रमास प्रवेश मिळाला होता. पतपेढी त्यांस एका वेळीं एकच कर्ज देणार होती, आणि तें मुळांत मुलीच्या फीसाठीं काढावयाचें होतें. आतां सरांनींच सांगितलें म्हणून संगणक आधीं घ्यावा आणि मुलीनें एक वर्ष थांबावें, असें घरांत ठरत होतें. हें ऐकून माझा हात थांबला. "सही करण्यापूर्वीं चार दिवस वाट पाहूं," एवढेंच मीं त्यांस सांगितलें.

त्याच आठवड्यांत आमचा एक माजी विद्यार्थी शाळेचा प्रिंटर दुरुस्त करण्यास आला होता. गांवांत त्याचें संगणकदुरुस्तीचें लहानसें दुकान आहे. मीं सहज ही हकीकत त्याच्या कानांवर घातली. तो क्षणभर गप्प राहिला व नंतर अत्यंत आदरानें म्हणाला, "सर, यंत्र न पाहतांच तें टाकून द्यावयास तुम्हीं कसें सांगितलेंत ?" त्याच्या या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हतें. त्याच दिवशीं सायंकाळीं आम्ही दोघे त्या मुलाच्या घरीं गेलों.

संगणक सुरू केल्यापासून लिहिण्याचें कोरें पान पुढें येईपर्यंत घड्याळानें तीन मिनिटें पन्नास सेकंद गेले. मुलगा खोटें बोलत नव्हता, हें तेथेंच उघड झालें. नंतर माझ्या विद्यार्थ्यानें ॲक्टिव्हिटी मॉनिटर नांवाचा, यंत्राच्या अंतर्गत कामाचा हिशेब दाखविणारा तक्ता उघडला. प्रोसेसर, म्हणजे प्रत्यक्ष विचार करणारा भाग, शेंकडा नव्वद भाग रिकामा बसला होता. आठ जीबी मेमरी होती. तिच्यावरहि ताण नव्हता. परंतु पेटींतून हार्ड डिस्कची खरखर मात्र अखंड ऐकूं येत होती. "सर, कारकून हात जोडून बसला आहे, कपाटांतून कागदच येत नाहींत," असें तो म्हणाला. सबंध यंत्राचा आजार त्यानें एका वाक्यांत सांगितला.

हार्ड डिस्क म्हणजे काय, हें विद्यार्थ्यांनीं नीट समजून घेण्यासारखें आहे. तिच्यांत चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या सतत फिरत असतात, आणि एक बारीक दांडा आपल्या टोंकावरील वाचक घेऊन त्यांवर मागेंपुढें सरकतो. कल्पना तशी जुनी आहे. आयबीएम कंपनीनें १९५६ सालीं या जातीचें पहिलें यंत्र आणिलें. त्यांत दोन दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या असून त्या सर्वांवर मिळून पन्नास लाख अक्षरें मावत, आणि त्या मिनिटास १,२०० फेरे घेत. पुढें चकत्या तळहाताएवढ्या झाल्या व सांठा दोन लाखांहूनहि अधिक पटींनीं वाढला. फिरण्याचा वेग मात्र त्या मानानें फारच थोडा वाढला. या आयमॅकमधील चकती मिनिटास ५,४०० फेरे घेते. म्हणजे १९५६ च्या यंत्राच्या केवळ साडेचार पट.

आतां थोडें गणित करूं. मिनिटास ५,४०० फेरे म्हणजे सेकंदास ९०. एका फेऱ्यास सुमारें ११ सहस्रांश सेकंद लागतात. हवी ती जागा वाचकाखालीं येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपांच सहस्रांश सेकंद, थांबावें लागतें. आणि त्यापूर्वीं दांडा योग्य वर्तुळावर सरकण्यास आणखी सुमारें दहा सहस्रांश सेकंद जातात. दोहोंचे मिळून सोळा धरले, तर ठिकठिकाणीं विखुरलेले माहितीचे तुकडे सेकंदास साठ-बासष्टच उचलतां येतात. संगणक सुरू होतांना असे हजारों लहान तुकडे वाचावे लागतात. ते सहा हजार आहेत असें समजा. तर नुसत्या या येरझाऱ्यांत शहाण्णव सेकंद खर्ची पडतील, आणि तेवढा वेळ प्रोसेसर स्वस्थ बसून राहील.

याउलट एसएसडी, म्हणजे सॉलिड-स्टेट ड्राइव्ह, हिच्यांत फिरणारें कांहींच नाहीं. फ्लॅश मेमरी या शोधावर ती उभी आहे. हा शोध जपानमधील तोशिबा कंपनींत काम करणारे फुजिओ मासुओका यांनीं लाविला, आणि आजच्या एसएसडींत वापरला जाणारा तिचा नँड हा प्रकार १९८७ सालीं जगापुढें आला. हिच्यांत अक्षरें विजेच्या भाराच्या रूपानें सूक्ष्म कोठड्यांत सांठविलेलीं असतात, व वीज बंद केली तरी तीं टिकतात. तुकडा कोणत्याहि कोठडींत असो, तो हातीं येण्यास एक सहस्रांश सेकंदहि लागत नाहीं. वरील सहा हजार तुकडे येथें सहा सेकंदांच्या आंत गोळा होतात.

मी हे आंकडे कागदावर मांडून दाखवीत असतां मुलाचे वडील हंसून म्हणाले, "सर, आमच्याकडचे जुने लोक खिळे जुळविण्याच्या काळच्या गोष्टी सांगत. जुळाऱ्याचा हात कितीहि चपळ असो. खिळ्यांची केस दुसऱ्या खोलींत ठेविली तर ओळ कधीं पुरी व्हावयाची?" माझ्या गणितापेक्षां त्यांचा दाखला अधिक चांगला होता, हें मला कबूल केलें पाहिजे.

येथें एक शंका साहजिक येते. हाच संगणक छापखान्यांत कित्येक वर्षें बिनतक्रार चालला. मग तो आतांच कां मंदावला? वस्तुतः ती चकती आजहि पहिल्या दिवसाइतकेच फेरे घेते. वाढलें आहे तें तिच्यावरील ओझें. ॲपल कंपनीनें २०१७ सालीं आपल्या संगणकांकरितां माहिती सांठविण्याची एपीएफएस नांवाची नवी पद्धति आणिली. ती मुख्यतः फ्लॅश मेमरी डोळ्यांपुढें ठेवून रचलेली आहे. परंतु २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून ती फिरत्या चकत्यांवरहि लागू झाली. इतर नवीन सॉफ्टवेअरहि पुष्कळदां असेंच, तुकडे झटपट मिळतील हें गृहीत धरून लिहिलेलें असतें. तात्पर्य, ज्या यंत्रास आपण म्हातारें म्हणतों, तें पुष्कळ वेळां म्हातारें झालेलें नसतें. त्याच्याकडून आपण जें मागतों, तें बदललेलें असतें.

मग हार्ड डिस्क काढून तेथेंच एसएसडी बसविणें हा सरळ मार्ग नव्हे काय ? उभ्या पेटीच्या साध्या संगणकांत तोच मार्ग योग्य आहे. चार स्क्रू काढले कीं काम होतें, व ज्याच्या घरीं असा संगणक असेल त्यानें बाहेरच्या डिस्कच्या भानगडींत पडूंच नये. परंतु २०१२ च्या अखेरीस आलेल्या बारीक कडेच्या आयमॅकपासून पुढें समोरची कांच पेटीस चिकटपट्टीनें पक्की बसविलेली असते. ती पट्टी कापून कांच अलगद उचलणें आणि काम झाल्यावर नवी पट्टी लावून ती पूर्ववत् बसविणें कुशल हातास अशक्य नाहीं. पण हात चुकला आणि कांच तडकली, तर चार हजारांची दुरुस्ती यंत्राच्या मोलाला जाते. सुदैवानें याच संगणकाच्या पाठीमागें यूएसबी ३.० च्या चार खांचा आहेत. २००८ सालीं ठरलेल्या या मानकाप्रमाणें तींतून सेकंदास पांच अब्ज बिट जाऊं शकतात. व्यवहारांत सेकंदास सुमारें चारशें मेगाबाइट पदरांत पडतात. आंतील चकती फार तर शंभराच्या आसपास देते. शिवाय बाहेरून जोडलेल्या डिस्कवरून सुरू होण्याची सोय या संगणकांत मूळचीच आहे. म्हणून पेटीस हात न लावतां, तिच्या पाठीमागें एक लहानशी डिस्क जोडून काम भागतें.

आम्हीं तसेंच केलें. प्रथम घरांतील छायाचित्रें व मुलाचें सर्व लेखन यांची एक प्रत निराळ्या डिस्कवर काढून ठेविली. हें काम आधीं, मग बाकी सर्व, अशी माझ्या विद्यार्थ्याची सक्त अट होती. नंतर पांचशें जीबीची एक बाह्य एसएसडी आणिली. तिला त्या वेळीं साडेचार हजार रुपये पडले. ती डिस्क युटिलिटींतून स्वच्छ करून तिच्यावर संगणकांत होती तीच मॅकओएसची आवृत्ति नव्यानें बसविली आणि मुलाचें खातें तिच्यावर आणिलें. शेवटीं ऑप्शन कळ दाबून धरून यंत्र सुरू केलें, तेव्हां आंतील व बाहेरील अशा दोन्ही डिस्क पडद्यावर दिसल्या; त्यांतून बाहेरील निवडली. घड्याळ मुलाच्याच हातीं दिलें होतें. कोरें पान पुढें येईपर्यंत बेचाळीस सेकंद लागले. त्याचा आंकड्यावर विश्वास बसेना. त्यानें यंत्र बंद करून पुन्हां वेळ मोजला, आणि तिसऱ्यांदा बहिणीस मोजावयास लाविला.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. प्रोसेसर तोच होता, मेमरी तीच होती, सॉफ्टवेअरची आवृत्तिहि तीच होती. बदललें तें एकच. म्हणून फरकाचें कारण निश्चितपणें सांगतां आलें. प्रयोगशाळेंत आपण हाच नियम शिकवितों, आणि घरीं यंत्र बिघडलें कीं तो विसरून सर्वच्या सर्व बदलावयास निघतों. दुसऱ्या दिवशीं पतपेढीचा अर्ज नव्यानें भरण्यांत आला. त्यांत संगणकाच्या जागीं मुलीच्या फीचा उल्लेख होता. त्या अर्जावर मीं आनंदानें सही केली.

आतां माझें मत सांगतों. कोणताहि संगणक मंद झाला म्हणून तो टाकून देऊं नये. त्याचा कोणता भाग मंद आहे हें आधीं पाहावें, आणि तेवढाच भाग बदलतां येत असेल तर तेवढाच बदलावा. हें मत ऐकावयास सोपें वाटतें. पण आपण त्याप्रमाणें वागत नाहीं. याचें कारण पैशांची उधळपट्टी करण्याची हौस हें नव्हे. गरीब माणसासहि आपण तोच सल्ला देतों. खरें कारण हें कीं, तपासण्यास वेळ लागतो, आणि "नवा घ्या" हें सांगण्यास क्षणहि लागत नाहीं. दुकानदाराचा त्यांत नफा असतो, म्हणून त्यास आपण दोष देतों. माझा तर त्यांत नफाहि नव्हता. केवळ आळस होता, आणि तो शब्द मीं दुसऱ्याच्याच वहींत लिहिला होता.

तथापि जुनें तें सर्व सोनें, असें माझें म्हणणें आहे असा कोणी समज करून घेऊं नये. या उपायास मर्यादा आहेत, आणि त्या न सांगणें म्हणजे पुन्हां पहिलीच चूक करणें होय.

पहिली मर्यादा खांचेची. २०११ पर्यंतच्या आयमॅकमध्यें यूएसबी २.० च्याच खांचा आहेत. तींतून सेकंदास अठ्ठेचाळीस कोटी बिट जातात, व्यवहारांत पस्तीस-चाळीस मेगाबाइटच मिळतात. मोठ्या फाइली वाचण्यांत हा वेग आंतील चकतीहूनहि कमी आहे. तेथें बाह्य एसएसडी घेऊन ती या खांचेस जोडणें म्हणजे रुंद नळास अरुंद तोटी लावण्यासारखें आहे. इतर संगणकांवरहि खांच कोणत्या प्रकारची आहे, हें डिस्क विकत घेण्यापूर्वीं पाहावें. दुसरी मर्यादा मेमरीची. यंत्रांत दोन-चार जीबीच मेमरी असेल आणि ताण तिच्यावर असेल, तर एसएसडीनें थोडा आराम पडेल. रोग जाणार नाहीं.

तिसरी मर्यादा विंडोज वापरणाऱ्यांसाठीं आहे, व आपल्याकडे बहुसंख्य तेच आहेत. नेहमींचें विंडोज यूएसबीच्या डिस्कवरून चालविण्यास मायक्रोसॉफ्ट कंपनीचा पाठिंबा नाहीं. त्याकरितां विंडोज टू गो नांवाची एक सोय पूर्वीं होती. ती २०२० सालीं काढून टाकण्यांत आली. म्हणून विंडोजच्या संगणकांत एसएसडी आंत बसविणें हेंच बरें. तपासणीची रीत मात्र तीच आहे. टास्क मॅनेजर उघडून पाहा. नुसतें एक पान उघडतांना डिस्कचा आंकडा वारंवार शंभर टक्क्यांवर जात असेल व बाकीचे आंकडे खालीं असतील, तर दोष कोठें आहे तें सांगावयास नको. बाहेरच्या डिस्कवरूनच चालवावयाचें असेल, तर लिनक्स मिंटसारखी विनामूल्य मिळणारी लिनक्सची आवृत्ति तशी सुखानें चालते.

चौथी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. एसएसडी गति देते. सुरक्षितता देत नाहीं. विंडोज १० ची नेहमींची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबली, आणि कित्येक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहींत. वर सांगितलेल्या आयमॅकवरहि २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीच्या पुढें कंपनी अधिकृतपणें जाऊं देत नाहीं, आणि त्या आवृत्तीस आतां सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहींत. अशा यंत्रावर निबंध लिहावा, गणिताचे आलेख काढावे, चित्रें रंगवावीं. परंतु बँकेचे व्यवहार करूं नयेत. त्या घरीं आम्हीं हा नियम पहिल्याच दिवशीं लावून दिला. ज्यांस इंटरनेटवर अधिक वावरावयाचें असेल, त्यांनीं अशा यंत्रावर दुरुस्त्या चालू असलेली लिनक्सची आवृत्ति बसवावी, हें उत्तम.

यांशिवाय दोन सूचना. बाह्य डिस्कवरून संगणक चालूं असतां तिची केबल ओढली गेली, तर चालू काम जाईल व प्रसंगीं डिस्कवरील माहितीहि बिघडेल. म्हणून ती डिस्क पाठीमागें पट्टीनें घट्ट बसवावी आणि घरांतील लहान मुलांस तिच्यापासून दूर ठेवावें. दुसरें असें कीं, एसएसडी अमर नाहीं. जुनी चकती मरतांना बहुधा खरखरून इशारा देते; एसएसडी एखादे दिवशीं निमूटपणें बंद पडते. महत्त्वाच्या लेखनाची दुसरी प्रत नसेल, तर जलद यंत्र तुमचें नुकसान तितक्याच जलद करील.

यावर कोणी म्हणेल, "दोनचार वर्षांनीं नवा घ्यावाच लागणार, मग हे साडेचार हजार वायांच नव्हेत काय?" माझें उत्तर असें. त्या दोनचार वर्षांत एक मुलगी शिकून मिळवती होते, एक मुलगा दहावी-बारावी पार पडतो, आणि खरेदी कर्जाऐवजीं शिलकेंतून करतां येते. शिवाय बाहेरची डिस्क जुन्या यंत्राबरोबर टाकावी लागत नाहीं. नव्या संगणकासहि ती जोडतां येते, व दुसरी प्रत ठेवण्यास ती तेथें उपयोगी पडते.

आणखीहि एक खर्च आहे, जो घरच्या हिशेबांत येत नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत जगांत टाकून दिलेल्या विद्युत् व इलेक्ट्रॉनिक वस्तूंचें वजन ६.२ कोटी टन भरलें, आणि त्यांपैकीं रीतसर गोळा करून पुनरुपयोगांत आणल्याची नोंद केवळ शेंकडा २२.३ भागाची आहे. उरलेल्याची नीट नोंदच नाहीं. त्यांतील पुष्कळसें उकिरड्यावर जातें, किंवा तांब्याच्या लोभानें तारा जाळणाऱ्यांच्या हातीं पडतें. त्यांच्या श्वासांतून त्या यंत्राची उरलेली किंमत वसूल होते. आपल्या देशांत या कचऱ्याविषयींचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आले आहेत. यंत्र खरोखरच निकामी झालें, तर तें अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्यावें. परंतु तें निकामी झालें आहे हें आधीं ठरवावें, आणि तें डोळ्यांनीं पाहून ठरवावें.

याकरितां माझी एक सूचना आहे. आपल्या शाळेच्या संगणककक्षांतील किंवा विद्यार्थ्यांच्या घरचा कोणताहि संगणक मोडींत काढण्यापूर्वीं विज्ञानमंडळाच्या मुलांनीं तो तपासावा व चार प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहावीं. प्रोसेसर रिकामा बसतो काय ? मेमरी पुरते काय ? डिस्क फिरती आहे कीं फ्लॅशची ? आणि या यंत्रास सुरक्षेच्या दुरुस्त्या अद्याप मिळतात काय ? या चार उत्तरांनंतर घेतलेला निर्णय नवा संगणक घेण्याचा असला, तरी माझी त्यास हरकत नाहीं. तो निदान विचारानें घेतलेला असेल. या कामांत मुलांस जें शिक्षण मिळेल, तें कोणत्याहि पाठ्यपुस्तकांतील प्रकरणाहून कमी मोलाचें नाहीं.

आतां एकच गोष्ट सांगावयाची राहिली. त्या रात्रीं निघतांना मीं मुलाकडे त्याची वही मागितली व "आळस सोडावा" हा शेरा त्याच्यासमोर खोडला. खोडलेल्या ओळीखालीं काय लिहावें, हें मला पटकन् सुचेना. शेवटीं मीं लिहिलें, "कागद उशिरा आले, दोष विद्यार्थ्याचा नव्हता," आणि खालीं तारीख घालून सही केली. मुलानें तें वाचलें, वही मिटली, आणि दाराशीं येऊन मला निरोप दिला. मंद यंत्र पाहून तें निकामी ठरविण्यास मला एक क्षण पुरला होता; तेवढ्याच अवधींत मीं एका कष्टाळू मुलासहि आळशी ठरविलें होतें. यंत्राची दुरुस्ती साडेचार हजार रुपयांत झाली. दुसऱ्या चुकीची दुरुस्ती कितीशी झाली, हें त्या मुलासच ठाऊक.